काट्यावरची पाठमोरी

ही गोष्ट मी चार वर्षं टाळली. घरात विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेलो. पण डोळे मिटले की तो निळा स्वेटर दिसतोच. चैत्राच्या उन्हात, पुंडलिकनगरातल्या तापलेल्या गल्लीत, माझी पंधरा वर्षांची नात रेवती स्वेटर घालून स्कूटरपाशी उभी आहे, आणि बाहीतून डोकावणारी तिची बोटं वाळल्या शेंगांसारखी आत्ता वाजतील असं वाटतं आहे.

अन्नाची तिला भीती बसली होती. पोळीचा पापुद्रा ती असा सोलायची, जणू आत काही दबा धरून बसलंय. दर मंगळवारी मी तिला छावणीकडच्या दवाखान्यात न्यायचो. तिथल्या समुपदेशक मॅडम तासभर तिच्याशी बोलत. त्याआधी वजन होई. काट्यावर ती पाठमोरी उभी राही, कारण आकडा तिला कळू द्यायचा नाही, असं त्या दोघींचं ठरलं होतं. जाताना स्कूटरवर ती माझ्यापासून अंतर राखून बसे. येताना कधी पाठीला टेकली, तर तो तास बरा गेला असं मी समजायचो.

"लई राग येतो तिथं," एकदा दवाखान्याबाहेर लिंबाच्या सावलीत ती म्हणाली. "सगळं उकरून काढतात. पण आबा, तिथं कुणी माझ्या ताटाकडं बघत नाही. काट्यावर पाय ठेववत नाही, तेव्हा मॅडमच्या शब्दावर उभी राहते. बस्स."

"अन् माझ्या शब्दावर नाय व्हय?"

"तुमच्या?" ती हसली. "तुम्ही माझ्या वरणात चोरून तूप सोडता!"

मी उभा जन्म मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होतो. काटा स्थिरावला की वजन मोठ्यानं पुकारायचं, चार माणसांनी ऐकलं पाहिजे; आमचा प्रामाणिकपणा तोच. त्या मंगळवारी मॅडमनी मला आत बसवलं होतं. आकडा थांबला, वाढलेला दिसला, आणि छातीत काहीतरी उसळून मोंढ्यातला तो जुना आवाज खोलीभर पुकारून गेला. आकडा, आणि वर, "भरली गं माझी पोर!"

बोट लागलेल्या लाजाळूसारखे तिचे खांदे स्वेटरच्या आत मिटत गेले. ती वळली नाही. परतताना टेकली नाही. पुढच्या मंगळवारी मी स्कूटर चालू करून तिष्ठत राहिलो, दाराआडून ती म्हणाली, "तुम्ही सगळे एकच आहात." तिचा दवाखाना सुटला तो सुटलाच, आणि उन्हाळा सरेपर्यंत तिला सलाईन लावायची वेळ आली. घरानं पोरीला हट्टी ठरवलं, मॅडमना दोष दिला. खरं ठाऊक असून मी मान डोलावत राहिलो.

आता ती पुण्यात शिकते, तिथल्या नव्या मॅडमकडे जाते, सावकाश सावरते आहे. मंगळवारी तिचा फोन येतो. "आबा, जेवलात का?" ज्या प्रश्नानं तिचं बालपण पोखरलं, तोच ती मला किती हळुवार विचारते! चार वर्षं मी दोन शब्द ओठांशी आणून ठेवतो. पलीकडे ती फोन ठेवत नाही, वाट पाहते.

"जेवलो," मी म्हणतो. फोन ठेवल्यावर, तिच्या रिकाम्या खुर्चीखेरीज ऐकणारं कुणी नसताना, माझा पुकारायचा आवाज परत येतो : चुकलो, पोरी.