गाण्याखालचा आवाज

लातुरात व्हीसीआर दुरुस्त करणारा आता मी एकटाच, शरणप्पा. लोक म्हणतात कॅसेट गेली. मी म्हणतो, तुमचं मशीन गेलं, कॅसेट माझ्याकडे द्या.

अहमदपूरहून पुनम आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट घेऊन आली, सोबत वडील रामलिंगराव. पुनम वर्षाची असताना तिची आई वारली. तिला एकदा आईचा आवाज ऐकायचा होता, आणि तो या कॅसेटशिवाय कुठेच नव्हता.

"एका दमात नाव घेतलं तिनं," रामलिंगराव म्हणाले. "अख्खा मांडव बघत राहिला."

मी फितीवरची बुरशी पुसली, हेडला स्पिरिट लावलं, ट्रॅकिंगचं बटण केसभर फिरवलं. पडद्यावरच्या मुंग्या गेल्या आणि शालूचे काठसुद्धा दिसायला लागले. मी ऐटीत मान वर केली. नवरी नाव घ्यायला उभी राहिली, ओठ हलले, आणि वाजलं सिनेमाचं गाणं.

"कुन्या मेल्यानं गाणं घातलं वो हितं?" पुनम म्हणाली.

"तो मेला मीच," मी म्हणालो. कॅसेटवर शिक्का माझ्याच दुकानाचा होता. त्या काळी लग्नाच्या कॅसेटीही मीच बनवायचो; उखाण्यावर गाणं टाकायची माझी खासियत, लोक खूश व्हायचे. आज पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

पण मी माझं काम ओळखतो. गाणं मी हायफाय मशीनवर टाकलं होतं. त्यात गाणं फितीच्या कडेला बसतं, मूळ आवाज चित्राच्या पट्ट्यात तसाच राहतो. घरचे साधे व्हीसीआर, आणि माझ्या टेबलावरचा हासुद्धा, फक्त कड वाचतात. मी माळ्यावरून ते जुनं मशीन उतरवलं, झटकलं, कॅसेट घातली.

गाणं नव्हतं. मांडवातला गलका होता, आणि त्यात एक बारीक, ठसक्यातला आवाज.

"दारातल्या तुळशीला तांब्याभर पाणी..." आवाज थांबला. "अगं बाई, पुढलं इसरले की!"

मग शेजारच्या नवरदेवाची कुजबुज आली. "रामलिंगरावांची मी राणी, म्हण."

मांडव हसला. नवरी सगळ्यांत जास्त हसली आणि हसतहसतच तिनं ओळ पुरी केली.

पुनमनं डोळे पुसत वडिलांकडे बघितलं. "एका दमात व्हय, आबा?"

"मधी जरा थांबली आसंल," ते म्हणाले, आणि रडायला लागले.

मी न विचारता फीत पुन्हा उखाण्यापर्यंत मागं घेतली.