पेंढ्यावरची थाप

झोडणी कधी करायची यावरनं यंदा कोंडूच्या खळ्यावर सकाळीच वाजलं. भात कापून आठ दिवस झाले होते, भारे रचून पडले होते, सावडीला, म्हणजे एकमेकांच्या कामाला हात लावायला, आम्ही सहा माणसं येऊन बसलो होतो, आणि कोंडू म्हणत होता की अजून चार दिवस थांबू.

"चार दिस कशापायी?" गंगीनं विचारलं. ती कोंडूच्या मयत धाकट्या भावाची बायको, शेजारच्याच खोपटात एकटी राहते. "आभाळ बघा की भावजी. गडावर ढग बसलाय. भात भिजलं तर काय कोंब खायचं?"

"सुषमा हाये घरी. ती लोणावळ्याला गेली की करू."

सगळे भाऱ्यांकडं बघायला लागले. मी गडाखाली ताक-भज्यांची टपरी चालवतो. शनिवारचं गिऱ्हाईक सोडून आलो होतो, तरी मीसुद्धा पायाच्या अंगठ्याकडं बघत बसलो. यामागचं कारण वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही. मी सांगतो.

सुषमा ही कोंडूची लेक आणि सृष्टी ही गंगीची. दोघी एकाच पावसाळ्यातल्या, एकाच ताटात जेवलेल्या. लोणावळ्याला शाळेत गेल्या तेव्हा तिथल्या प्रदीप सरांनी दोघींना ज्युडोला लावलं. आम्हाला ज्युडो काय ठाऊक? कुस्तीच की, फक्त जाड डगला घालून, असं आम्ही म्हणायचो. पण पोरींनी पदकं आणायला सुरुवात केली तशी वाडीनं चेष्टा बंद केली. सुट्टीत घरी आल्या की मॅट कुठली? खळ्यामागच्या पेंढ्याच्या ढिगावर सराव करायच्या. गळ्याला डाव बसला आणि सोसेना, की हातानं दोनदा थापायचं. थापलं की समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. अख्खा खेळ या एका भरवशावर चालतो.

दोन वर्षांमागं अशीच झोडणी चालली होती. आम्ही आठजण फळ्यांवर पेंढ्या झोडत होतो आणि ढिगामागं या दोघी. सुषमानं गळ्याचा डाव लावला होता. सृष्टीनं थापलं. कितीदा थापलं देव जाणे. पेंढ्यावर तळव्याचा आवाज तो केवढा, आणि इकडं आमची थपथप. सुषमाला सगळी झोडणीच वाटली. सृष्टी सैल पडली तेव्हाही तिला वाटलं, सोंग करतेय, कारण मेल्यासारखं पडून मग उलथवून टाकायची सृष्टीची जुनी खोड होती. हात सोडला तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्याच्या वाटेवर, भाजे फाट्यापाशी पोर गेली. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या दिवशी माझ्याही हातात पेंढी होती, हे मी विसरू शकत नाही.

गंगीनं पोलिसाला सांगितलं, खेळता खेळता झालं.

सुषमानं खेळ सोडला नाही, पण खेळानं तिचा हात सोडला. गेल्या वर्षी राज्याच्या निवडीला ती शेवटच्या लढतीपर्यंत गेली. डाव पक्का बसला होता, आणि शेजारच्या मॅटवर कुणीतरी पडली, थप वाजलं. सुषमानं दोन्ही हात सोडून दिले. समोरच्या पोरीनं हार मानलीच नव्हती. ती उठली आणि हिलाच आपटली. असं तीनदा झालं. प्रदीप सर म्हणाले, येत्या डिसेंबरात शेवटचं. पुढं मी तुझं नाव पाठवणार नाही. घरी आली की ती झोडणीचा आवाज सुरू होताच कानावर गोधडी घेऊन बसायची. म्हणून कोंडू थांबा म्हणत होता.

गंगी उठली. तिनं एक पेंढी माझ्या हातात दिली आणि घराकडं तोंड करून हाक मारली.

"सुषमे, भाईर ये. तुजा डगला आण."

सुषमा आली. पैलवानी खांद्याची पोर, पण चेहरा उतरलेला. गंगीनं तो डगला लुगड्यावरनंच अंगात घातला आणि पेंढ्यावर जाऊन उताणी पडली.

"तुमी झोडा," ती आम्हाला म्हणाली. "थांबायचं न्हाई." मग माझ्याकडं बघून, "नथूभाऊ, तुमी बी."

आम्ही झोडायला लागलो.

"लाव. तिला लावला व्हतास तसा."

"काकी, नको गं."

"माझ्या पोरीनं पेंढ्याला सांगितलं, सुषमे. तुला न्हाई सांगितलं. पेंढा काय बोलनार? मी तुझ्या पाठीवर थापीन. कानानं ऐकू नगंस. पाठीनं ऐक."

सुषमानं गुडघे टेकले. कॉलर धरली, मुठी आवळल्या. गंगीचा हात पेंढ्यावर उघडा पडला होता. तो हलेना. मी पेंढी आपटत होतो आणि मनात आलं, ही बाई थापणार नाही. दोन वर्षं एकटीनं भाकरी खाल्ली, कशाला थापेल? माझी पेंढी वर तशीच राहिली. तशातही गंगीचे डोळे माझ्याकडं वळले, आणि मी पुन्हा झोडायला लागलो. तिची बोटं पेंढ्यात काहीतरी चाचपत होती. सुषमा रडत होती, पण मूठ सैल करत नव्हती.

मग तो हात उचलला आणि सुषमाच्या पाठीवर दोनदा पडला. मला ऐकू काहीच आलं नाही. सुषमानं मात्र तिथल्या तिथं सोडलं.

गंगी बराच वेळ खोकली. उठून बसली, केसातली काडी काढली.

"एवढाच येळ लागतो व्हय," ती म्हणाली. "लय दुखत न्हाई."

कोंडूनं तोंड फिरवलं. आम्ही दिवस मावळेपर्यंत झोडत राहिलो, आणि सुषमा आमच्यात उभी राहून भारे सोडून देत होती. सुषमा लोणावळ्याला जाईपर्यंत रोज ती आणि गंगी ढिगावर जायच्या.

डिसेंबरात राज्याची निवड होती. शेवटच्या लढतीचा व्हिडिओ प्रदीप सरांनी माझ्या फोनवर पाठवला. आजूबाजूच्या मॅटवर नुसती थपथप, आणि सुषमा डाव सोडत नाही. मग समोरच्या पोरीचा तळवा तिच्या पाठीवर दोनदा पडतो, आणि ही सोडते. राष्ट्रीयला नाव लागलं. त्या दिवशी मी गडावर आलेल्या पोरांना भजी फुकट वाटली. बायकोनं अजून माफ केलेलं नाही.

सुषमा वाडीत आली ती आईबापाच्या आधी गंगीकडं गेली. गंगी पेंढ्याची उडवी रचत होती. मी म्हशीला पेंढा न्यायला आलो होतो.

"थापलं तिनं?" गंगीनं विचारलं.

"व्हय. पाठीवर."

"किती येळा?"

"चार."

"दोन गं," मी म्हणालो. "धा येळा बघितलाय मी त्यो इडिओ."

"तिनं दोन," सुषमा म्हणाली. "मी सोडली, ती बाजूला झाली. मंग पाठीवर आनिक दोन."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गडावर रात्री-अपरात्री एकटा जातो. पण त्या वेळी मी हातातला भारा खाली ठेवला.

गंगी उडवीला टेकून उभी राहिली.

"हात गार व्हता का ऊन?"

"ऊन व्हता काकी."

"कुटं?"

सुषमा पाठमोरी झाली आणि मागं हात नेऊन तिनं जागा दाखवली. गंगीनं तळवा लुगड्याला पुसला, तिथं ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.