ठोकळ्यांचा रणगाडा

खेळण्यातल्या ठोकळ्यांचा रणगाडा विजेच्या दोन छोट्या मोटारींवर चालत उंबरठा ओलांडून गेला, तर जेवणाचं टेबल कायमचं नवऱ्याचं. नाही गेला, तर ठोकळ्यांचे सगळे डबे माळ्यावर. संधी एकच, अशी पैज बायकोने लावली होती.

जागा वाचवायला नवऱ्याने दोन्ही मोटारी समोरासमोर बसवल्या, पण एकीची तार उलटी जोडायला विसरला. बटण दाबताच एक पट्टा पुढे, दुसरा मागे धावला आणि रणगाडा जागच्या जागी गरगरू लागला.

“अहो, शत्रू हरवलाय का?”

“एक तार फिरवतो, बस्स!”

“आता माळ्यावर बसून फिरवा.”

डबे वर चढले, टेबल मोकळं झालं. पैज हरला नवरा, भुर्दंड पडला बायकोला: रिकामा नवरा आता त्याच टेबलाशी बसून तिला भाजी कशी चिरायची ते शिकवतो.