शून्यावरचा ठिपका

बुरुलने आफ्रिकेच्या कुशीतला समुद्र बोटांनी मोठा केला आणि त्यातला एकमेव लाल ठिपका दाबला. ‘कुबात’ अशी पाटी उघडली.

गावातले बरेच तरुण रशियात कामाला होते. कोण कुठे आहे ते घरच्यांना फोनवर दिसावे म्हणून तिने हा नकाशा बनवला होता. कुबातचा, तिच्या भावाचा, थंडी सुरू झाल्यापासून पत्ता नव्हता. त्याचे अक्षांश-रेखांशांचे रकाने रिकामे होते. प्रोग्रॅम रिकाम्याला शून्य समजत होता, आणि शून्य अक्षांश, शून्य रेखांश म्हणजे भर समुद्र. बुरुलने एक ओळ बदलली. आता रकाना रिकामा असला, तर ठिपकाच उमटणार नव्हता.

संध्याकाळी अपा, तिची आई, दूध काढायचे अर्धे टाकून फोन घेऊन आत आली.

“कुबात कुठं गेला गं?”

तो तिथे नव्हताच, बुरुलने समजावले. माहिती नसणे वेगळे आणि शून्य असणे वेगळे.

“मला काय खुळी समजतेस? ओढ्यात उतरायला घाबरणारा पोरगा तो, समुद्रात कशाला जाईल,” अपा म्हणाली. “पण तिथं दाबलं की त्याचं नाव यायचं. सकाळी चहा ठेवला की मी दाबायची. आता कुठं दाबू?”

आपल्या घरावर ठेवू का, असे बुरुलने विचारून पाहिले.

“नको. घरी दिसला तर शेजारच्या बायका त्याला भेटायला येतील.”

अपाने बुरुलचा लॅपटॉप स्वतःकडे वळवला. तिचे बोट गावापासून रशियाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून उत्तरेकडे सरकत गेले आणि डोलोन घाटाच्या माथ्याशी थांबले.

“इथं ठेव. म्हणजे येतोय.”

बाकी सगळ्यांच्या नोंदीत दशांशचिन्हापुढे सहा आकडे होते. त्यांवरून माणसाचा उंबरठासुद्धा सापडला असता. बुरुलने कुबातच्या रकान्यांत ४१.८ आणि ७५.७ लिहिले, आणि ती थांबली. एवढ्या आकड्यांत माणूस चार-पाच किलोमीटर पुढेमागे कुठेही असू शकतो. तेवढा रस्ता तिने त्याला चालायला ठेवला.