पंपाशेजारची खोली

बाबा निवृत्त झाले, आम्ही एका छोट्या, शांत घरात राहायला गेलो आणि तेव्हापासून आईची झोप जी उडाली ती परत आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस जागा बदलून बघा. म्हणून तीन बाजूंना समुद्र आणि मध्ये नुसती झाडंच झाडं असलेल्या या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही सकाळपासून खोली शोधत होतो. गाडी चालवायचं काम माझ्याकडे होतं, नापसंतीचं बाबांकडे.

बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. यंत्राचा आवाज आला की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो. खोलीत शिरले की आधी भिंतीला कान. पहिल्या जागी पंखा कुरकुरत होता. दुसरीकडे फ्रिज. तिसरी खोली आईला आवडली, तर बाबांनी मालकाला विचारलं, "हा समुद्र असाच चालू असतो का?"

"हो."

"रात्रीपण?"

मालकाने माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघितलं.

"अहो, टेका आता कुठेतरी," आई गाडीत म्हणाली. "मला नुसतं आडवं व्हायचंय."

"अगं, पानं केवढी वाजतात इथली. उद्या तूच बोलशील."

"उद्यापर्यंत राहिले तर बोलेन."

रस्ता पुन्हा समुद्रापाशी संपला. पुन्हा गाडी वळवली.

शेवटच्या लॉजमध्ये एकच खोली रिकामी होती, आणि ती का रिकामी होती ते दारातच कळलं. भिंतीपलीकडे पाण्याचा पंप होता. भिंत थरथरत होती. टेबलावरचा पेला हळूहळू कडेकडे निघाला होता. बाबा उंबऱ्यावरूनच "नाही" म्हणाले आणि मालकीणबाईंना यंत्रांविषयी चार शब्द सुनावायला गेले. मी त्यांना आवरायला मागोमाग गेलो.

परत आलो तर आई उघड्या गादीवर, चपलांसकट, चक्क घोरत होती.

दुसरा कुणी असता तर पाय न वाजवता बाहेर पडला असता. बाबाही पडले. पण मागच्या बाजूला त्यांना पंपाचा ढिला नट दिसला, आणि त्यांचा हात त्यांच्या परवानगीची वाट बघत नाही. दोन पिळांत खडखडाट थांबला. त्यांनी मोठ्या समाधानाने माझ्याकडे बघितलं.

आतून आईचा झोपाळलेला आवाज आला. "अहो, लिफ्ट बंद पडली का?"

आमचं जुनं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. डोक्यावर लिफ्टचं यंत्र. लग्न झाल्यापासून आई त्या घरघरीखाली झोपत आली होती.

बाबा नटाकडे बघत राहिले.

"मी करू का ढिला?"

"नको. तू चुकीचा करशील."

त्यांनी भिंतीला कान लावून तो थोडा थोडा ढिला केला, खडखडाट पसंत पडेपर्यंत. आत पुन्हा घोरणं सुरू झालं.

मालकीणबाई धावत आल्या. "अहो काका, मोडताय कशाला? पाच मिनिटं दम धरा, टाकी भरली की बंदच होतो तो."

बाबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी अंगणातला नळ पूर्ण सोडला, पाइप उचलला आणि समोरच्या झाडांना पाणी घालायला सुरुवात केली. त्या झाडांना आजवर कुणीच पाणी घातलं नसावं.

"तू बादली घे," त्या गदारोळात ते माझ्या कानाशी कुजबुजले. "पलीकडची राहिलीत."