कोमोची माघार

आमच्या डार्टमथच्या शीतगृहात समुद्रतळाचा चिखल लांब नळ्यांमध्ये ठेवलेला असतो. प्रत्येक नळी उभी चिरून दोन फाका करतात. एक कामाची, तिच्यातून संशोधक चिमूटचिमूट चिखल नेतात. दुसरी राखीव, अजून जन्माला न आलेल्यांसाठी. तिला हात लावायचा नाही. मी तिचा राखणदार, आणि राखणदाराला शोभेल इतका खडूस आहे.

रोझेला कोमोबाईंचं नाव या चिखलानेच झालं. वाऱ्याने आणि नद्यांनी समुद्रात नेलेले परागकण तळाशी थरावर थर बसत गेले होते. बाईंनी ते ओळखून सांगितलं, की बर्फ हटल्यावर आमच्या किनाऱ्यावर स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं जंगल आलं, मग थंडी परतली तसं नाहीसं झालं, आणि पुन्हा आलं. त्या मधल्या काळाला सगळे 'कोमोची माघार' म्हणतात. शुक्रवारी बाईंच्या निरोपाचं जेवण होतं आणि केकवरही तेच शब्द लिहायचे ठरले होते.

बुधवारी एका विद्यार्थिनीने नेमका त्या माघारीच्या नळीतला चिखल मागितला. कामाची फाक कधीच खरवडून संपली होती. असतील शितं तर जमतील भुतं. तिला नाही म्हणण्याआधी राखीव फाक धड आहे ना, एवढंच बघायला मी झाकण काढलं. आत बोटभर रुंदीचा वाळूचा पट्टा होता. बाईंनी तेव्हा वीतवीत अंतराने चिमटी उचलल्या, त्यांच्यामध्ये हा राहून गेलेला, आणि पुढच्यांनी बाईंवर विश्वास ठेवून नुसतं खरवडलं. पट्ट्यात भरड वाळू वर होती, बारीक खाली. गढूळ पाणी निवळताना भरड आधी तळाला जातं, हे शाळकरी पोरही सांगेल. नळी उलटी होती.

सुलटी धरली तर झाडांविनाचे थर खाली, झाडांचे वर, आणि माघार उरतच नव्हती. झाकण परत लावलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. मला फार राग आला, बाईंचा नव्हे, हे मलाच दिसावं याचा. चहा गार होईपर्यंत बसलो आणि मग फोन केला.

बाई काठी टेकत आल्या. आता त्यांना नीट दिसत नाही. पट्ट्यातली वरची आणि खालची कणीकणी काढ म्हणाल्या. ही राखीव आहे, असं मी बजावलं.

"राखून काय करणार आहेस, लोणचं घालणार?"

चिखल दाताखाली धरून पारखायची आमच्याकडची जुनी रीत आहे. बाईंनी कण तोंडाजवळ नेला आणि थांबल्या.

"कवळीला काही कळत नाही रे. तू चाव."

मी चावला. वरचा करकरला, खालचा लोण्यासारखा विरला. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"वर भरड आहे, बाई."

हा चिखल काढला त्या सफरीवर नळ्यांना झाकणं लावून वरचं टोक दाखवणारे बाण त्यांच्या नवऱ्याने, ऑस्टिनने काढले होते. वादळात एका हाताने कठडा धरून, मधूनमधून ओकत. बाई प्रत्येक मेजवानीत तो किस्सा सांगायच्या. ऑस्टिनला जाऊन सहा वर्षं झाली. मी पुटपुटलो, की त्याचा हात चुकला असेल.

"डेकवर देखरेखीची पाळी माझी होती, क्लाइड. नाव माझं लागलं, आता चूकही माझीच लागू दे."

नळी फिरवताना मी दुसरं टोक धरलं. त्यांनी जुना बाण खोडून नवा काढला, खाली सही केली. आणि डोळ्यांत पाणी असताना हसल्या.

"म्हणजे ती झाडं एकदा आली ती आलीच. चाळीस वर्षं मी त्यांना उगाच हाकलत होते."

शुक्रवारी त्यांनी हे भर पंगतीत सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. मग बाईंनी सुरीने केकवरचं 'माघार' खरवडून काढलं, 'कोमोची' तेवढं राहू दिलं, आणि पहिला तुकडा त्या विद्यार्थिनीला दिला. दुसरा माझ्या ताटलीत आला. तो मी राखून ठेवला.