घडी न मोडलेली शाल

मी एक शाल बोलतेय. लोकरीची, राखाडी रंगाची, काठाला मरून पट्टी असलेली. पाय मोडून इस्पितळात पडलेल्या एका म्हातारीने खाटेवर बसल्या बसल्या, चार महिने खपून मला विणलं. तिला रोज उठवून बसवणाऱ्या सिस्टरसाठी.

"रोज वापरा हं, ठेवून देऊ नका," घरी जाताना ती म्हणाली. सिस्टरने मला गालाला लावलं, घरी आणलं आणि ठेवून दिलं.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या, कोऱ्या चादरी होत्या, फुलाफुलांचे सहा कप होते. सिस्टर वाईट नव्हती हो. दर रविवारी चर्चमध्ये वेळेआधी हजर, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना डोळ्यांत पाणी. पण चांगली वस्तू हाती आली की तिचा जीव तिच्यात अडकायचा. लहानपणी एका फ्रॉकवर दोन-दोन वर्षं काढलेली बाई, तिला मी काय बोल लावू?

एकदा बाहेरगावचे पाळकसाहेब मुक्कामाला आले. तिने मला बाहेर काढलं, घडीवरून हात फिरवला, जरा विचार केला आणि परत आत घातलं. "त्यांना घाम फार येतो," ती पुटपुटली.

तिचा नवरा चर्चची घंटा वाजवायचा. रोज पहाटे, एका विटक्या स्वेटरवर. एका थंडीत त्याने विचारलं, "अगं, ती शाल देतेस का? दोरी धरताना बोटं वळत नाहीत."

"दोरीचा मळ लागला म्हणजे? स्वेटर आहे की तुम्हाला."

"प्रभू येणार त्याच्यासाठी ठेवलीयस वाटतं," तो हसत म्हणाला आणि गेला. पुन्हा कधी त्याने मागितलं नाही. मी मात्र आत पडल्या पडल्या रोज ती घंटा ऐकायची.

मग तो खोकल्याने अंथरुणाला खिळला. अंगात हुडहुडी भरायची, दात वाजायचे. सिस्टरने ट्रंक उघडली, माझ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, आता तरी. पण त्याच्या उशाशी औषधाची बाटली होती, कफाचं भांडं होतं. तिने दोन जुन्या चादरी नेल्या. "बरे झालात ना, की ती शाल चर्चला पांघरून जा," ती त्याला म्हणाली. गुरुवारी दुपारी तो गेला.

तेव्हा कुठे माझी घडी मोडली. शवपेटीत तिने मला त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं, कडा नीट खोचल्या. काय सांगू तुम्हाला? शालीला स्वतःची ऊब नसते. माणसाच्या अंगातली असते, तीच आम्ही धरून ठेवतो. त्याच्या अंगात धरून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी नुसती पडून राहिले.

झाकण लावायला माणसं पुढे झाली, तेव्हा ती म्हणाली, "थांबा." आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना वाटलं, तिला अजून एकदा तोंड पाहायचंय. पण तिने मला काढून घेतलं.

"मी परत तेच करतेय," ती म्हणाली. "मातीत जपून ठेवतेय. यांना हवी होती तेव्हा दिली नाही."

दाराशी एक रंगारी उभा होता. तिचा नवरा आजारी पडल्यापासून घंटा हाच वाजवायचा, अंगात पातळ सदरा. सिस्टरने मला त्याच्या खांद्यांवर टाकलं. "भाऊ, रोज वापरा," एवढंच ती बोलली, आणि मग इतकी रडली की तिला बाकावर बसवावं लागलं. पुढच्या आठवड्यात ट्रंकही रिकामी झाली म्हणे.

आता माझ्यावर चुन्याचे डाग आहेत, एक काठ उसवलाय. रंगारी मला पहाटे पांघरतो आणि मी कामाला लागते. सिस्टर रविवारी माझ्याकडे बघते आणि मान खाली घालते. तिला क्षमा मिळाली असेल, तिचा तसा विश्वास आहे. माझं मन मात्र अजून त्या अंथरुणाशी घुटमळतं.

तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी घडी होऊन पडली असेल, तर तिला आजच बाहेर काढा. थंडी वाजणारा माणूस दुसऱ्यांदा मागत नाही.